नाही नाही म्हणणारे पुंडलीकभाऊ

आमच्या गावात नगरपालिकेचे मेंबर पुष्कळ होऊन गेले, पण नुसतं ‘मेंबर’ म्हटलं की ते एकच, पुंडलीकभाऊ. बाकीच्यांना आडनाव लावावं लागे, कोणाला दुकानाचं नाव लावावं लागे, एकाला तर लोक त्याच्या म्हशीवरून ओळखत. भाऊंना काही लावावं लागत नसे. टांगेवाल्याला ‘मेंबरच्या घरी’ म्हटलं की टांगा आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबे. आत यायची सोय नव्हती, चिखल होता.

भाऊ पहिल्यांदा निवडून आले तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर. पुढं आम्हाला उचलून मुंबई राज्यात घातलं आणि मग महाराष्ट्र झाला. गावात पेढे वाटले, मीही खाल्ले. तीन राज्यं बदलली, पण भाऊ आमच्या वॉर्डातून हलले नाहीत. आमच्या दारापुढच्या नालीतलं पाणीही हललं नाही. दोघंही आपापल्या जागी सुखानं राहिले.

मी नगरपालिकेच्याच मराठी शाळेत मास्तर आणि माझं घर भाऊंच्या घरासमोर. म्हणजे दिवसा ते माझे मालक आणि संध्याकाळी शेजारी. मालकाची तक्रार शेजाऱ्याकडं करायची एवढी चांगली सोय फार थोड्या नोकरदारांना मिळते. शाळेचं छप्पर गळतं म्हणून मी ओट्यावर जाऊन बसलो की भाऊ डोळे मिटून सगळं ऐकत आणि म्हणत, “झालंच समजा, मास्तर.” हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं एकच औषध. नाली तुंबली, झालंच समजा. खांबावरचा दिवा गेला, झालंच समजा. धामणगाव बढ्याच्या रस्त्यावर पूल पाहिजे, जो नगरपालिकेच्या हद्दीतही नाही, तरी झालंच समजा. आम्ही वर्षानुवर्षं इतकं समजत आलो की प्रत्यक्षात काही झालं असतं तर घाबरलोच असतो.

दिसायला उंच, काटकुळे. पांढरं धोतर, काळा कोट, डोक्यावर टोपी. रस्त्यानं चालताना दोन्ही हात आधीच जोडलेले असायचे. कोपऱ्यावर कोण भेटेल सांगता येत नाही, तेव्हा तयारी असलेली बरी. एकदा वळणावर गाय समोर आली, तिलाही नमस्कार मिळाला. हे बघणारा मी एकटाच होतो, म्हणून इथं सांगून टाकतो.

भाऊंच्या मनात जन्मभर एकच गोष्ट होती, एकदा तरी नगरपालिकेचं अध्यक्ष व्हायचं. ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती, कारण आपल्याला ती नको आहे असं भाऊ रोज सांगत. “आपल्याले काय कराची बाप्पा खुर्ची, आपुन मेंबर हाओत थेच लय झालं,” असं ते न्हाव्याकडं बोलत, रेशनच्या रांगेत बोलत, माझ्या ओट्यावर तर जवळजवळ रोजच बोलत. सभागृहातल्या त्या उंच पाठीच्या खुर्चीकडं मात्र ते असे बघत की बघवत नसे. मीटिंग संपून सगळे पांगले की भाऊ मागं रेंगाळत, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत आणि शिपायाला विचारत, “काऊन बे, ही रोज पुसतं का नाई?”

आता हा ‘नाही नाही’चा प्रकार बाहेरच्यांना जरा समजावून सांगायला हवा. आमच्या भागात मानाची कुठलीही गोष्ट पहिल्या विचारण्यात घेत नाहीत. घेतली तर माणूस हावरा ठरतो. पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा शेजारच्याकडं बोट दाखवायचं, शेजारच्यानं ते परत तुमच्याकडं वळवायचं आणि मग तिसऱ्यांदा, नाइलाज झाल्याचा चेहरा करून, घ्यायचं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे आपापला भाग चोख करतात. भाऊ तर यात पोहोचलेले. एका लग्नात यजमान मानाचा दुपट्टा घेऊन आला तर भाऊ म्हणाले, “पह्यले पाटलाले.” पाटील म्हणाले, “नाई, पह्यले मेंबरले.” दोघंही कसलेले. दुपट्टा इकडून तिकडं, तिकडून इकडं. यजमानाचे हात भरून आले, भटजींनी अक्षता वाटल्या, मंगलाष्टकं झाली, तरी यांचं चाललेलंच. शेवटी नवरदेवाच्या मामानं तो दुपट्टा काढून घेऊन स्वतःच्या खांद्यावर टाकला, तेव्हा कुठं वऱ्हाड जेवायला बसलं. भाऊंचा चेहरा पडला. घरी येताना म्हणाले, “मास्तर, घेणारच होतो मी, एवढ्यात थो मामा मधात आला.”

त्यांच्या कारकिर्दीतलं काम म्हणाल तर एक आहे. गल्लीच्या तोंडावर त्यांनी सार्वजनिक नळ बसवला. नळ चांगला होता, पितळी. पाइप मात्र अजून यायचा होता. पण उद्घाटनाला जिल्ह्याहून मोठे पाहुणे येणार ठरलं होतं, आणि पाहुण्यांना काही थांब म्हणता येत नाही. मग भाऊंनी युक्ती केली. नळामागच्या भिंतीपलीकडं दोन माणसं घागरी घेऊन बसवली आणि नळाला मागून रबरी नळी जोडली. पाहुण्यांनी तोटी फिरवली, धार लागली, बायांनी टाळ्या वाजवल्या. इथवर सगळं छान झालं. पण पाहुणे निघाले स्वच्छतेचे भोक्ते. त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं, चूळ भरली, चष्मा धुतला आणि मग म्हणाले, “पाणी मोठं गोड आहे,” आणि बूट काढून पाय धुवायला बसले. एका पायावरच घागरी संपल्या. तोटी फुस्स करून गप्प झाली. भाऊंनी हात जोडले आणि गंभीरपणानं म्हणाले, “पाणी काटकसरीनंच वापरा लागते, साहेब.” पाहुण्यांनी पुढच्या भाषणात त्या वाक्याचं कौतुक केलं. एका पायाला माती तशीच होती.

असं सगळं असून हा माणूस दर वेळी निवडून कसा येई? बाहेरगावचे लोक मला हे विचारत आणि मी चिडत असे, कारण उत्तर मला ठाऊक होतं आणि ते द्यायला जिवावर येई. सांगतो. कोणाच्या घरी काही वाईट घडलं की सारं गाव पहिल्या दिवशी जातं. भाऊही जात. पण भाऊ दुसऱ्यांदा जात, सारे पांगल्यावर. आमच्या गल्लीतल्या शेवंताबाईचा नवरा गेला तेव्हा दारात पाय ठेवायला जागा नव्हती. ‘काही लागलं तर सांगा’ असं प्रत्येकानं म्हटलं, आणि ‘काही नाही लागत’ असं तिनं प्रत्येकाला सांगितलं. मीही ते ऐकून समाधानानं घरी आलो. पुढच्या आठवड्यात भाऊ एकटेच तिच्या ओट्यावर जाऊन बसले आणि पुन्हा विचारलं, “बाई, काय पायजे?” तेव्हा ती रडली आणि म्हणाली की घरात दळण नाही. भाऊंनी खांद्यावरून ज्वारीचं पोतं वाहून नेलं, कोट काढून, भर दुपारी. मला समोरून दिसलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, “पह्यल्या बारीले माणूस खरं सांगत नाई मास्तर. दुसऱ्या बारीले इचारलं का सांगते.”

मी मत त्यांनाच देत आलो, शिव्या देत देत.

आणि मग ती निवडणूक आली. नगरपालिकेत दोन पार्ट्या झाल्या होत्या, दोन्हीकडं सारखी माणसं. कोणाचाच अध्यक्ष होईना. चहा पिऊन पिऊन सगळ्यांची पोटं बिघडली, तेव्हा गफूर मेंबरच्या डोक्यात आलं की पुंडलीकभाऊंना बिनविरोध करून टाकावं. हा माणूस कोणाचं भलं करत नाही आणि वाईटही करत नाही, अध्यक्षाला आणखी काय लागतं! दोन्ही पार्ट्या मिळून भाऊंच्या घरी आल्या. भाऊ नाही म्हणाले. पुन्हा विचारलं, भाऊंनी दुसऱ्याचं नाव सांगितलं. तिसऱ्यांदा गफूर मेंबर त्यांच्या पायाकडं वाकले, तेव्हा भाऊ हळूच म्हणाले, “आता तुमी आइकतच नाई तं...” बस. झालं.

त्या दिवशी मी त्यांचा चेहरा बघितला. माणूस हसत नव्हता, पण त्याला हसू दाबताही येत नव्हतं. भाऊंच्या बायको, गिरजाकाकू, माहेरच्या साखरखेर्ड्याच्या. तिकडून त्यांचे भाऊ-भावजया एस.टी.नं आले. काकूंनी नवं लुगडं घेतलं, पुरणाचा घाट घातला. खामगावहून मोठा हार आणला. बेंडवाल्याला सांगून ठेवलं की आत टाळ्या वाजल्या की बाहेर सुरू कर. आणि मला हुकूम झाला मानपत्र लिहायचा. मी लिहिलं. ‘जनसेवेचा वसा घेतलेले’, ‘अहोरात्र झटणारे’, सगळं घातलं. खोटं लिहिताना हात थरथरायचे दिवस माझे केव्हाच संपले होते.

निवड करायला सरकारकडून एस.डी.ओ. साहेब आले. तरुण, नवे, दूरच्या जिल्ह्यातले. दुपारी त्यांना वरवट बकालला टंचाईची पाहणी होती, त्यामुळं घड्याळाकडं लक्ष. आम्ही पब्लिक खिडक्यांना लटकलेलो. गफूर मेंबर उठले आणि त्यांनी भाऊंचं नाव सुचवलं. नारायण मेंबरनी अनुमोदन दिलं. हे नारायण मेंबर म्हणजे भाऊंचे पक्के. भाऊ बोलले की हात वर करायचा, एवढंच त्यांनी सबंध राजकारणात केलं.

साहेबांनी विचारलं, “उमेदवारांची संमती आहे?”

भाऊ उठले. हात जोडलेले होतेच. “नाई नाई साहेब,” ते म्हणाले, “माही काय लायकी! इथं माह्यापक्षा शिकले-सवरले लोक हायेत.”

सारं सभागृह खूश झालं. काय बोलले! असं बोलता आलं पाहिजे! सगळे आता साहेबांच्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसले. साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, “ठीक आहे. उमेदवारांची संमती नाही. दुसरं नाव?”

गफूर मेंबर अर्धे उठले. “साहेब, ते तसेच म्हणतात. आणखी एक बारी इचारून पाहा.”

“ज्येष्ठ माणूस आहे,” साहेब म्हणाले. “सभागृहात उभं राहून नाही म्हणाले. मी त्यांचा शब्द खरा मानतो. आग्रह करून मी त्यांचा अपमान करणार नाही. नाव येत नसेल तर सभा तहकूब करतो आणि वर कळवतो, प्रशासक बसेल.”

प्रशासक बसला की सगळ्यांचीच मेंबरकी संपली. मी खिडकीतून मनातल्या मनात ओरडत होतो, अहो भाऊ, हो म्हणा! एक अक्षर! पण न विचारता हो म्हणायचं तर भाऊंच्या जिभेला ते वळणच नव्हतं. ते नुसते साहेबांकडं बघत उभे.

साहेबांना दया आली असावी. ते म्हणाले, “तुम्हीच सर्वांत जुने आहात. तुम्हीच एखादं नाव सुचवा.”

भाऊंचा चेहरा उजळला. मला आत्ताही तो दिसतो. कारण ही तर ओळखीची वाट होती! शेजाऱ्याकडं बोट दाखवायचं, शेजारी परत तुमच्याकडं वळवणार, मग नाइलाज. शेजारी बसले होते सबनीस वकील. शिकलेले पुण्याला, गावात येऊन थोडीच वर्षं झालेली. भाऊंनी त्यांच्याकडं हात केला. “हे आमचे वकीलसाहेब हायेत नं. हुशार माणूस. त्याइले करा.” आणि हसून वकिलांकडं बघत थांबले.

सबनीस वकील उठले. कोटाचं बटण लावलं. म्हणाले, “ज्येष्ठांची आज्ञा मोडणं माझ्यानं होणार नाही. मी आभारी आहे.”

“अनुमोदन?” साहेब म्हणाले.

आणि नारायण मेंबरचा हात वर गेला. भाऊ बोलले होते ना!

पुढचं भराभर झालं. दुसरं नाव नाही, बिनविरोध. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून चारदोन जणांनी वाजवल्या, त्या ऐकून बाहेर बेंडवाल्यानं सुरू केलं. हार कोणी आणला, कोणासाठी आणला, हे विचारायची ती वेळ नव्हती. भाऊंनी स्वतःच्या हातानं तो वकिलांच्या गळ्यात घातला, नीट सरळही केला. मला मानपत्र वाचायला लावलं. मी नाव बदललं, बाकी सगळं तसंच वाचलं. ते वकिलांनाही बरोबर बसलं, हे आमच्या मानपत्रांचं वैशिष्ट्य.

घरी भाऊ आणि मी बरोबर आलो. दारात काकू तबक घेऊन उभ्या. बेंड त्यांनी ऐकला होता.

“वकीलसाहेब झाले,” भाऊ म्हणाले. “चांगला माणूस हाये.”

“अन् तुमी?”

“मी नाई म्हणलो.”

“काऊन?”

भाऊंनी चपला काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या आणि आत गेले. पुरणपोळ्या गल्लीत वाटल्या. सारा गाव महिनाभर हसला, मीही ही गोष्ट मसाला लावून पुष्कळ ठिकाणी सांगितली. पण त्या संध्याकाळी मी पोळी तशीच झाकून ठेवली. राग आला होता. भाऊंचा आला होता, साहेबाचा आला होता, आणि सर्वांत जास्त त्या आमच्या सभ्यपणाचा.

सबनीस वकिलांनी अध्यक्षपद छान उपभोगलं. भाऊ मेंबर राहिलेच. त्या दिवसाबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. ओट्यावर सुपारी कातरत होतो, मध्येच अडकित्ता थांबवून म्हणाले, “मास्तर, त्यानं दुसऱ्या बारीले इचारलंच नाई हो.” मग पुन्हा सुपारी कातरायला लागले.

पुढं काही वर्षांनी कायदा बदलला. अध्यक्ष आता मेंबरांनी नाही, थेट लोकांनी निवडायचा. तोवर भाऊ म्हातारे झाले होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एका सकाळी मी त्यांच्याकडं चहा घेत बसलो होतो, तेव्हा गफूर मेंबर, नारायण मेंबर आणि सुधाकर असे तिघं आले. सुधाकर बी.ए. झालेला, खताचं दुकान, चौकात ऊठबस. यांच्याकडून अध्यक्षाला तोच उभा राहणार हे ठरलं होतं, त्याची पत्रकं छापायला गेली होती. पण जुन्या माणसाला विचारल्याशिवाय पुढं जाणं बरं दिसत नाही. विचारायचं, भाऊ ‘आता नाई बाप्पा, पोट्ट्याइले होऊ द्या’ म्हणणार, सुधाकरच्या डोक्यावर हात ठेवणार, चहा प्यायचा आणि उठायचं. ठरलेलंच होतं सगळं.

गफूर मेंबर म्हणाले, “भाऊ, यंदा अध्यक्षाले तुमीच उभे राहा. तुमच्याबिगर कोण हाये?”

“हो,” भाऊ म्हणाले.

गफूर मेंबरनी बशी खाली ठेवली. “हो?”

“हाव. राहतो उभा.”

सुधाकर स्वतःच्या अंगठ्याकडं बघायला लागला. नारायण मेंबर छताकडं. गफूर मेंबर चाचरत म्हणाले, “नाई, म्हणजे, तब्येत पाहा लागते भाऊ. डोयाचं आपरेशन झालं...”

“दिसते मले आता.”

“साऱ्या गावात फिरा लागते.”

“फिरतो.”

तेवढ्यात आतून काकू आल्या. पुरुषांच्या बोलण्यात त्या कधी आल्या नव्हत्या. दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आइकलं नं तुमी? ते हो म्हणले. पह्यल्याच बारीले म्हणले.”

भाऊंनी गफूर मेंबरकडं बघितलं, मग नारायणकडं, मग सुधाकरकडं. मतदाराच्या चेहऱ्यावरून मत ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांना फार वेळ लागला नाही.

“काऊन व,” ते काकूंना म्हणाले, “गंमत नाई समजत तुले? पोट्ट्याइची मजा करून राह्यलो!” आणि हसले. मग ते तिघं इतक्या जोरात हसले की गल्लीतलं कुत्रं उठलं. सुटल्याचं हसू होतं ते. सुधाकर पटकन वाकला, भाऊंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काकू तशाच उभ्या होत्या.

जाताना भाऊ ओट्याच्या पायरीपर्यंत आले. सुधाकरचा दंड धरून त्याला थांबवलं आणि हळू आवाजात, पण मला ऐकू आलं, म्हणाले, “एक आइक. तिथं साहेबानं इचारलं का पह्यल्याच बारीले हो म्हणजो. लाजू नोको.”

“आता कोणी इचारत नसते, भाऊ,” सुधाकर म्हणाला. “आता फारम भरा लागते फक्त.”

“असं काय?” भाऊ म्हणाले. “मंग तं लय सोपं झालं.”

आणि त्याचा दंड सोडून, हात जोडून, ते तिघं दिसेनासे होईपर्यंत तिथंच उभे राहिले.